तळघरातला ठेका

जेवणाची ताटं उचलता उचलता प्लंबरच्या बायकोने जाहीर केलं, "आज तुम्ही माझ्याबरोबर जॅझ ऐकायला येताय. बावीस वर्षं झाली लग्नाला, एकदाही आला नाहीत."

"अगं, मला त्यातलं काय कळतं?"

"कळायचं नसतंच. शेजारी बसायचं असतं."

बायको कानाच्या दवाखान्यात तपासणीचं काम करायची. दिवसभर लोकांना हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि "आता आला? आणि आता?" असं विचारायचं. तिचे स्वतःचे कान इतके तयार होते की नवरा जिन्याच्या कितव्या पायरीवर आहे आणि काय लपवतोय, हे ती स्वयंपाकघरातूनच सांगायची. अशा बाईची आठवड्याची एकच चैन म्हणजे रविवार दुपारची जॅझ.

त्या भागातल्या चार-पाच गावांत मिळून जॅझचे तीन बँड होते आणि तिन्ही बँडांत मिळून वादक सात. ट्रम्पेटवाला तिन्हींकडे वाजवायचा. मागच्या वर्षी तिन्ही बँडांत आपसात तेढ निर्माण झाली, तेव्हा तो बिचारा चार महिने स्वतःशीच अबोला धरून होता, असं लोक गमतीने म्हणत. कार्यक्रम व्हायचा जुन्या लॉन्ड्रीच्या इमारतीत, दुपारी चारला. लॉन्ड्री बंद पडून जमाना लोटला होता, पण भिंतींना अजून ओल्या साबणाचा वास यायचा. साठेक खुर्च्या होत्या आणि त्या दिवशी सगळ्या भरल्या होत्या.

पहिली दोन गाणी प्लंबरने आढ्याकडे बघत काढली. तिसऱ्याच्या मध्येच ड्रम वाजवणाऱ्या मुलीने अचानक हात थांबवले. सगळ्यांनीच थांबवले. आणि जमिनीखालून आवाज आला.

ठक्. ठक्-ठक्. ठक्.

प्लंबर दचकला. आजूबाजूला कोणीच दचकलं नव्हतं. उलट लोक डोळे मिटून मान डोलावत होते.

"हे काय?" त्याने कुजबुजत विचारलं.

"मास्तर," बायको म्हणाली.

"कोण मास्तर?"

"जुने ड्रमर. तीन वर्षांपूर्वी गेले. पण येतात."

"येतात म्हणजे?"

"येतात म्हणजे येतात. गप्प बसा, त्यांचा सोलो चाललाय."

प्लंबरचा चेहरा उजळला. दुपारभरात पहिल्यांदाच त्याला काहीतरी कळलं होतं. खाली पाइप सैल झालाय, पाण्याचा धक्का बसला की भिंतीवर आपटतो, इतकी साधी गोष्ट! एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांना तीन वर्षांत एक प्लंबर बोलवायचं सुचू नये?

लग्नाच्या पंगतीतही खिशात पाना ठेवणारा तो माणूस. मध्यंतरात सगळे चहाला गेले तसा तो हळूच तळघरात उतरला. खाली एक पिवळा दिवा, गंजलेला बॉयलर आणि भिंतीभर पाइपांचं जाळं. सैल पाइप त्याला लगेच सापडला. त्याने व्हॉल्व्ह गच्च बंद केला, तिथेच पडलेले दोन क्लॅम्प मारले आणि हात पुसले. पाच मिनिटांचं काम.

फक्त एक गोष्ट जरा विचित्र होती. पाइप कोरडा होता. इमारतीचं पाणी नगरपालिकेने केव्हाच तोडलं होतं. आणि कोरडा असूनही तो कोमट लागत होता, माणसाच्या मनगटासारखा. ही गोष्ट प्लंबरने कोणाला सांगितली नाही. स्वतःलाही नाही.

मध्यंतरानंतर पहिल्याच गाण्यात ड्रमवाल्या मुलीने हात थांबवले. सगळे थांबले. जमिनीखालून काहीच आलं नाही.

रिकामी जागा रिकामीच राहिली. कोणी खोकलंसुद्धा नाही. सॅक्सोफोनवाल्याने कसंबसं गाणं उचललं, पण ते पुन्हा उभं राहिलं नाही. घरी जाताना बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं.

"रुसले मास्तर," ती म्हणाली. "काहीतरी चुकलं आपलं."

प्लंबरच्या खिशात पाना एकाएकी जड झाला.

पुढच्या रविवारी एकवीस माणसं आली, त्याच्या पुढच्या रविवारी नऊ, त्यातला एक चुकून. मग हॉल सांभाळणारे काका प्लंबरच्या दारात येऊन उभे राहिले. बायको दवाखान्यात होती.

"प्लंबरसाहेब, मध्यंतरात तुम्ही खाली गेला होतात. मी बघितलं."

"काका, मी फक्त पाइप..."

"तुम्ही बंद केलंत, तुम्हीच चालू करा. नाहीतर वहिनींना सांगतो."

प्लंबर त्याच पावली गेला. क्लॅम्प काढले, व्हॉल्व्ह उघडला, पाइपला हलवलं, थोपटलं, शेवटी हात जोडले. पाइप ढिम्म.

"आता?" तो म्हणाला.

काकांनी त्याच्या हातातल्या पान्याकडे बघितलं. "आता काय? रविवारी चारला या. तळघराची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या."

अशा रीतीने, सूर कशाशी खातात हे ठाऊक नसलेला माणूस त्या भागातला आठवा वादक झाला. घरी सांगितलं की रविवारचं एक दुरुस्तीचं काम लागलंय. चारच्या आधी तो मागच्या दाराने तळघरात शिरायचा, स्टुलावर बसायचा आणि वरचे ड्रम थांबले की पान्याने पाइप वाजवायचा. लोक परतले. खुर्च्या भरल्या. बँड वाचला.

वाचला नाही तो प्लंबर. कारण दर रविवारी संध्याकाळी त्याला घरी चहाबरोबर समीक्षा ऐकावी लागायची.

"आज मास्तर दमल्यासारखे वाटले," बायको म्हणायची. "हात कसे जड पडत होते."

"असं? वय झालं असेल."

"गेलेल्या माणसाचं कसलं वय? आणि मधेच एक ठोका असा दिला, जणू कोणी हातोडी पाडली."

हातोडी नव्हे, पाना. पडलाच होता. पण सांगणार कोणाला? तो रात्री पांघरुणाखाली बोटांनी पलंगाच्या कठड्यावर सराव करू लागला. सहाव्या रविवारी बायको म्हणाली, "आज बरे होते," आणि त्याला लग्न ठरलं तेव्हा झाला नव्हता इतका आनंद झाला.

तळघर मात्र त्याला आवडायचं नाही. दिवा एकच, पण सावल्या जास्त. कधी कधी तो पाना उचलायचा आणि लागण्याआधीच पाइप त्याच्या डाव्या हाताखाली बारीक थरथरायचा, चुकीचं बोलणाऱ्या पोराला टोकायला मोठं माणूस तोंड उघडतं ना, तसा. प्लंबर मग जोरात ठोकायचा आणि तिकडे बघायचा नाही.

नवव्या रविवारी सकाळी एका गिऱ्हाइकाकडे पाण्याची टाकी सरकवताना त्याची पाठ लचकली. दुपारी तो पलंगावर उताणा पडला होता. बायको पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी देऊन एकटीच गेली. त्याने काकांना फोन लावला, तो कोणी उचलला नाही. चार वाजले. सव्वाचार. आता वर सगळे थांबले असतील, आता ती रिकामी जागा आली असेल. प्लंबरने डोळे गच्च मिटून घेतले.

सहाला बायको आली ती गुणगुणतच.

"काय झालं?" त्याने भीत भीत विचारलं.

"अहो, आज काय वाजवलं मास्तरांनी! तीन वर्षांत असं ऐकलं नव्हतं. ट्रम्पेटवाला रडला."

प्लंबरने उठायचा प्रयत्न केला आणि पाठीने त्याला परत झोपवलं.

"मागच्या वेळेपेक्षा बरं होतं?"

"मागच्या वेळी?" ती हसली. "त्याला वाजवणं म्हणतात का?"

थोड्या वेळाने काकांचा फोन आला. "कमाल केलीत साहेब! पण आत गेलात कधी? मी सबंध वेळ दाराशी बसून होतो."

"काका, मी घरी आहे. पाठ धरलीय. किल्ली इथे खुंटीला आहे."

काकांनी आवाज खाली आणला. मग काका म्हणाले, "हे कोणाला सांगू नका. मला सांगितलंत तेवढं पुरे झालं."

पुढच्या रविवारी प्लंबर तळघरात गेला नाही. पाठीचं निमित्त होतंच. बायकोबरोबर वरच्या खुर्चीवर येऊन बसला तेव्हा ती इतकी खूश झाली की त्याला स्वतःची लाज वाटली. तिसरं गाणं सुरू झालं. ड्रमवाल्या मुलीने हात थांबवले. सगळे थांबले.

काहीच नाही.

साठ माणसं जमिनीकडे बघत बसली. मुलीच्या हातातल्या काठ्या हवेतच राहिल्या. प्लंबरला ते सहन होईना. तो खुर्ची धरून उठू लागला.

"कुठे निघालात?" बायको कुजबुजली.

"खाली."

"खाली कशाला?"

इतक्या तयार कानांपुढे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "अगं, दोन महिने झाले, खाली मीच असतो. पाइप मीच बंद केला होता, म्हणून मग मीच... पान्याने."

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला तळघर बरं वाटलं. तिने तोंड उघडलं, मग तिच्या कपाळाला एक आठी पडली.

"पण मागच्या रविवारी तर तुम्ही पलंगावर होतात."

"होतो ना."

त्याच क्षणी खालून आवाज आला. सावकाश, नेमका, कोणालाही घाई नसल्यासारखा. खुर्चीच्या पायांतून तो प्लंबरच्या लचकलेल्या पाठीपर्यंत चढला. बायकोने त्याचं मनगट घट्ट पकडलं.

प्लंबर बसला. घाबरला होताच, पण त्याहून जास्त तो ऐकत होता. आपण कुठे कमी पडायचो, हे त्याला आता एकेका ठोक्याला कळत होतं.

दोघं घरी निघाले. कोपऱ्यावर बायको म्हणाली, "आता पुन्हा खाली जाणार?"

"नाही."

"भीती वाटते?"

प्लंबरने जरा विचार केला. "वाटते. पण ते नाही. तू ऐकलंस ना आज? आता मला तिथे कोण ठेवतंय?"

बायकोने त्याच्या हातात हात घातला. "ठेवून घेते मी, वर, माझ्या शेजारी," ती म्हणाली. "पण दोन महिने माझी समीक्षा ऐकून गप्प कसे बसलात, ते घरी गेल्यावर आधी सांगा."