आप्पांची दाढ

कारभारी आप्पा कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर आलात की म्हणतात, "आ करा."

दिंडोरीची द्राक्षबाग मुलाच्या हवाली करून आप्पा आणि काकू नाशकात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. बाग सुटली, पण पानं उलटून रोग हुडकायची खोड काही सुटली नाही. आप्पांचा आमच्यावर दात आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या दातांवर मात्र त्यांचा डोळा आहे.

खिशात कायम बॅटरी. लिफ्टमध्ये सापडलात की संपलंच.

"हिरडीपाशी पांढरा डाग हाय साहेब. खडूसारखा."

"काही दुखत नाही हो, आप्पा."

"तेच तर! वेलीवर भुरीचा रोग आधी पांढराच असतो. काळं पडल्यावर काय, कुणालाबी दिसतं."

मग उलटतपासणी. गार पाण्यानं चमक येती का? गोड खाल्ल्यावर? लगेच जाती का रेंगाळती? घास रोज त्याच फटीत अडकतो का? "नाही" म्हटलं की आणखी संशय. "हो" म्हटलं की डोळे मिटून सगळं पाठ केल्यासारखं ऐकायचे. मला तेव्हाच वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

संक्रांतीला याच माणसानं गच्चीवर अख्खा ऊस दातांनी सोलून खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिळगूळ द्यायला गेलो, तर हे गालाला हात लावून कण्हतायत! पुढ्यात दुधात कुस्करलेली भाकरी. काकूंपुढेही तसलीच वाटी.

"ह्यांच्या दाढंनी लय छळलंय बघा भाऊ," काकू तोंडाला पदर लावत म्हणाल्या. "कडक चालंना, गार चालंना. सगळं मऊ करावं लागतंय." आणि चहा टाकायला आत गेल्या.

सोंगाड्या! मी सरळ विचारलं, "आप्पा, कालचा ऊस कुणी खाल्ला?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "हळू बोला. दाढा तिच्या गेल्यात. वर्षभर एकाच बाजूनं चावत होती. बागेतलं पान न् पान उलटून बघायचो मी, अन् समोर बसून जेवणारी दिसली नाय."

"मग कवळी?"

"नको म्हणती. अन् स्वतःसाठी भात मऊ लावंल व्हय ती? कडक भाकर तशीच गिळायची. मग मीच दाढदुखीचं सोंग काढलं. माझ्यासाठी करती, म्हणून तिच्याबी पोटात जातं."

"आणि आमची तपासणी?"

"तुमचे दात वाचावेत म्हणून हाईच की." आप्पा ओशाळले. "पण मला जन्मात कधी दाढ दुखली नाय, साहेब. कसं दुखतं ते तुमच्याकडनंच कळतं."

मला हसू आलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. नजर काही साधी नव्हती.

"भाऊ, खरं सांगा. एवढी दुखती का ह्यांची दाढ?"

मी आप्पांच्या खिशातली बॅटरी काढली. "आ करा."

कणसातल्या दाण्यांसारखे सगळे दात शाबूत, एकावर डाग नाही. मी बराच वेळ बघत राहिलो.

"अवघड आहे, काकू," मी म्हणालो. "मऊच करत जा."