नानांना खेळ चालत नाही

येडगावचे गायकवाड नाना एसटीत बसले की त्यांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली एक जाड काच असायची. कुणी विचारलं, "पावणं, खिडकीची का?" तर नाना म्हणायचे, "न्हाई, परीक्षेची."

ती परीक्षा माझ्याकडे व्हायची. नारायणगावात माझं कुरियरचं छोटं ऑफिस आहे. पार्सल आलं की नाना काउंटरवर काच ठेवायचे, खोक्यातली लोखंडी रेल, म्हणजे मशीनचा भाग जिच्यावरून सरकतो ती पट्टी, काचेवर आडवी करायचे आणि खालून कागदाचा चिटोरा सरकतो का ते बघायचे. सरकला, की रेल वाकडी. वाकडी रेल तिथल्या तिथे परत. त्यामुळे नाना दारात दिसले की मी चिकटपट्टी काढूनच ठेवायचो.

नाना धरणाचे दरवाजे उघडायच्या-लावायच्या नोकरीत होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घरीच सीएनसी राउटर बनवायला घेतला. कम्प्युटरवर नक्षी काढायची आणि मशीन ती लाकडात आपोआप कोरणार. 'बनवायला घेतला' हे माझे शब्द. खरं तर नानांनी पार्ट निवडायला घेतले, आणि ते निवडणं काही संपेना.

त्यांचा लाडका शब्द 'खेळ'. स्क्रू फिरवल्यावर नट लगेच न हलता जरा थांबून हलला, तर त्या मधल्या सैलपणाला कारागीर खेळ म्हणतात. नानांना तो केसभरही चालत नाही. पुढे पुढे ते माणसंही याच मापानं मोजू लागले. नवा सरपंच? "माणूस बरा हाय, पण बोलण्यात खेळ हाय." पुतण्याला सांगून आलेलं स्थळ? "पोरगी गुणाची, पण तिच्या मामात लई खेळ." एकदा त्यांनी माझ्या काउंटरचा ड्रॉवर ओढून पाहिला, परत लावला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मशीनला मोटारी कुठल्या घ्यायच्या ते विचारायला नाना अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सरांकडे जायचे. सर सज्जन. सगळं समजावून सांगायचे, चहा पाजायचे. एके दिवशी म्हणाले, "नाना, आहे त्यात बांधा आता. चालेल." नाना तिथून थेट माझ्याकडे आले.

"चालंल म्हणले," ते म्हणाले. "चालंल म्हणून धरण बांधत्यात व्हय?"

शेवटी रेल पास झाल्या, स्क्रू पास झाले, मोटारी बसल्या. राहिला स्पिंडल, म्हणजे कोरणारं पातं गरगर फिरवतो तो भाग. एक पंख्यानं गार होणारा, लावायला सोपा. दुसरा पाण्यानं गार होणारा. त्याला पंप, नळ्या, बादली, सगळा पसारा. सगळ्यांनी पंख्याचाच सुचवला. नानांनी तो आणला, घरी चालवला आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले.

"यात कुठं खेळ सापडला?" मी विचारलं.

"खेळ न्हाई. आवाज लई."

"नाना, तुम्ही मळ्यात एकटे राहता. आवाजाचा त्रास कुणाला?"

नाना खोक्याच्या कडा जुळवत राहिले. बायको गेल्यापासून ते एकटेच आहेत, मुलगा कॅनडात, एवढं मला ठाऊक होतं.

"पोराचा फोन येतो," ते म्हणाले. "येळ ठरल्याली न्हाई. त्याला सवड घावंल तवा. मागं एकदा मिक्सर चालू व्हता, चटणी वाटत व्हतो, तवा येऊन गेला. मी उलटा लावला तर ड्यूटीवर गेल्याला. मग पार दिवाळीला आला." रेलची जाडी सांगावी तसं त्यांनी सांगितलं. "मशीन चालू असताना फोन ऐकू आला पाहिजे."

मी खोक्याला चिकटपट्टी लावली.

पाण्याचा स्पिंडल आला तेव्हा जड होता म्हणून रविवारी मीच तो घेऊन येडगावला गेलो. जोडाजोडी झाली. बटण दाबलं. बादलीतल्या पाण्याचा बुडबुड आवाज स्पिंडलपेक्षा मोठा होता. नानांनी पात्याकडे पाहिलंच नाही.

"दाराबाहेर जा," म्हणाले. "हळू बोला कायतरी."

मी बाहेर जाऊन हळूच म्हणालो, "नाना."

"आलं ऐकू," आतून आवाज आला.

आता नाना अंगणवाडीच्या पोरांसाठी लाकडी अक्षरं कोरतात. पार्सलं थांबली, नाना यायचे थांबले. परवा दुपारी काउंटरवर बसल्या बसल्या मीच त्यांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"हां, बोल बाळा."

"नाना, मी कुरियरवाला."

"तुमी व्हय. पण मी तर काय मागवल्यालं न्हाई."

"पार्सल नाही. असाच केला, सहज."

पलीकडे मशीन बारीक आवाजात चालू होतं. आमचं बोलणं एकमेकांना नीट ऐकू येत होतं.

"थांबा," नाना म्हणाले. "मशीन बंद करतो."