मंगलम मास्तरांची रायफल

ढवळे मास्तरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. त्यांनी माझा खांदा चाचपला.

मी उमरखेडहून बदली होऊन पांढरकवड्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आलो होतो. शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकतो न टाकतो तोच एक उंच, वाळका गृहस्थ उठून पुढे आला. त्याने अंगठ्याने माझ्या गळ्याजवळचं हाड दाबलं, वितीने माझा हात मोजला आणि दुःखाने मान हलवली.

"तीनशे पंच्याहत्तर मॅग्नम तुमाले झेपत नाही. खांदा मोडन. तुमी आपली बावीस नंबरचीच घ्या."

मी चाचरत म्हणालो, "पण मला बंदूक नकोच आहे."

"आता नको म्हनता. एक डाव रोही पाह्यला का मंग बोलू."

रोही म्हणजे नीलगाय, हेही मला दुसऱ्या दिवशी कळलं. ढवळे मास्तर गणित शिकवत, आणि साऱ्या मनुष्यजातीची वर्गवारी कोणाला कोणती रायफल झेपेल यावरून करत. हेडमास्तर म्हणजे छऱ्याची बंदूक, आवाज मोठा आणि लागत काही नाही. ड्रॉइंगचे मास्तर म्हणजे पिचकारी. स्वतः मास्तरांकडे मात्र कसलीच बंदूक नव्हती. ते निवडत होते. मी आलो तेव्हा निवडीचं तिसरं वर्ष चालू होतं.

निवड दोघींतून होती. एक तीनशे मॅग्नम, दुसरी तीनशे पंच्याहत्तर मॅग्नम. मॅग्नम म्हणजे काडतुसात दारू जास्त, त्यामुळे गोळी लांब आणि सरळ जाते, एवढं तर शाळेतल्या पाचवीच्या पोरांनाही पाठ झालं होतं. पहिली हलकी, चपळ, पण वाऱ्याने जराशी ढळणारी. दुसरी भारदस्त, वाऱ्याला न जुमानणारी, पण चालवणाऱ्यालाच गुद्दा हाणणारी. आणि रायफल बोल्टचीच हवी, दांडा मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. ही सवय व्हावी म्हणून ते वर्गाच्या दाराच्या कडीवर सराव करत. एकदा ती कडी अशी काही बसली की आठवी अ गणिताच्या तासानंतर भूगोलाचा तासही मास्तरांबरोबरच कोंडून राहिली, आणि शिपाई शिवराम खिडकीतून कानस देता देता म्हणाला, "हे मंगलम बंदूक शाळेले आग लावन एक दिवस." त्याच्या तोंडी मॅग्नम काही बसेना. त्या दिवसापासून गावात ते मंगलम मास्तर झाले.

परीक्षेतही रोही असायचा. 'एक रोही मोहाच्या झाडाखाली उभा आहे. वारा डावीकडून वाहत आहे. तर गोळी किती बोटे खाली पडेल?' एका पोट्ट्याने उत्तर लिहिलं, 'एवढा हिशोब होईपर्यंत रोही घरी गेला असेल.' मास्तरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले, कारण त्याने वेळेचा विचार केला होता.

एवढं सगळं कशासाठी, तर गावाबाहेर जंगलाच्या काठाला मास्तरांचं शेत होतं. सुखदेव नावाचा माणूस ते बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचा. त्याची चार पोरं त्या शेतावर जेवत. दर हिवाळ्यात रोह्यांचा कळप जंगलातून उतरायचा आणि हरभरा खाऊन जायचा. सुखदेव म्हणायचा, "मास्तर, एक साधी दुनळी आना. जवळ जाऊन हानून टाकू."

"जवळ कायले जा लागते?" मास्तर अंगावर पाल पडल्यासारखे दचकत. "अंतर पाह्यजे, गा. अंतर!"

हा त्यांचा मंत्र होता. कुणाचं बायकोशी भांडण झालं तरी अंतर, हेडमास्तर रागावले तरी अंतर.

घरी ती दोघंच. ढवळेवहिनी ठेंगण्या, गोल आणि बोलायला तिखट. मी चहाला गेलो की त्या माझ्याकडे बघून नवऱ्याला सुनावत. "पाहा भाऊजी, मले पाह्याले आलते त चहा व्हाच्या आत हो म्हनलं. आन त्या लाकडाले तीन वर्षं झाले, पाहूनच राह्यले!"

"तुह्यात निवडाले दुसरी होती कोठी?" मास्तर म्हणत. वहिनी पदराआड हसत.

खांद्याची तयारी व्हावी म्हणून वहिनी रोज संध्याकाळी उशी गुंडाळून त्यांच्या उजव्या खांद्यावर हाणत. हे काम त्या फार मन लावून करत. शेजारपाजारच्या बायका त्या वेळी मुद्दाम निवडायचं सूप घेऊन अंगणात बसत.

अखेर लायसन हाती आलं आणि मास्तर मला घेऊन नागपूरला गेले. बंदुकीच्या दुकानदाराने दोन्ही रायफली काउंटरवर ठेवल्या आणि विचारलं, "कुठल्या जंगलात वापरणार?"

"पांढरकवड्याच्या."

"तिथं तर सागाच्या दाटीत पन्नास पावलांपलीकडे दिसत नाही. एवढी लांब पल्ल्याची कशाला?"

"मी जंगलात जातच नाही," मास्तर म्हणाले. "शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर मारीन."

त्यांनी दोघींना आळीपाळीने खांद्याला लावलं. डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. दुपारची सायंकाळ व्हायला आली. शेवटी दुकानदाराने वैतागून तीनशेवर दुर्बीण बसवली आणि म्हणाला, "यातून समोरच्या गच्चीवरचं कबुतर बघा." मास्तरांनी पाहिलं आणि तीन वर्षांचा प्रश्न सुटला. "हेच! हेच! उमरखेड, कबुतर घुमून राह्यलं ना!" मला ते गावाच्या नावानेच हाक मारत.

परतीच्या बसमध्ये रायफल वहिनींच्या गोधडीत गुंडाळून मास्तरांनी छातीशी धरली होती. खड्डा आला की ते तिला थोपटत. शेजारची म्हातारी बराच वेळ पाहत होती. शेवटी तिला राहवेना. "लेकराचं तोंड त उघडं ठेवा जी. जीव घुसमटन त्याचा."

"झोपली हाय," मास्तर म्हणाले.

"पोरगी हाय व्हय? लांबीनं बापावर गेली," म्हातारी म्हणाली, आणि पुढच्या थांब्यावर तिने गोधडीवर एक बोर ठेवलं.

दुसऱ्याच सकाळी आम्ही शेतात होतो. दव होतं. हरभरा घाट्यांनी भरला होता. गावातली बरीच मंडळी धुऱ्याच्या बांधाआड दबून बसली होती. मास्तर गोधडीवर पालथे झाले, बोल्ट ओढला, ढकलला, दाबला. कडी अजिबात अडकली नाही. पलीकडच्या टोकाला एक रोही मादी हरभऱ्यात उभी होती. मास्तरांनी दुर्बिणीला डोळा लावला.

आणि तसेच राहिले.

"हाना ना, मास्तर," सुखदेव कुजबुजला.

"वारा हाय."

वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं.

"आता त हाना!"

"थांब. अंतर..." मी वाकून पाहिलं, तर डोळा दुर्बिणीला तसाच चिकटलेला होता. हळूच म्हणाले, "उमरखेड, तिच्या पापण्याईवर दव हाय गा. तोंडातून घाटा लोंबून राह्यला. आन मांगं पिल्लू हाय. ढुशा देऊन दूध पिऊन राह्यलं." मग अगदी रडवेले झाले. "मी दुरून माराची म्हनून घेतली रे. आन हे त मांडीवर येऊन बसली!"

सुखदेवचा तोल सुटला. तो उभा राहून ओरडला, "मास्तर, माह्या पोराईचं खानं हाय ते!"

मास्तर दचकले. नळी झटक्याने बांधाच्या मातीकडे वळली आणि बार उडाला. रोही पिल्लासकट जंगलात पसार झाली. मास्तर गोधडीवर उताणे. दुर्बिणीची कडा भुवईवर बसली होती आणि रक्ताची धार नाकावरून मिशीत उतरत होती. तीन वर्षं त्यांनी खांद्याची तयारी केली, भुवईचा विचारच केला नव्हता.

"नुसता आवाजच कराचा होता त फटाका पुरला असता," सुखदेव म्हणाला. पण स्वतःच्या दुपट्ट्याने त्याने मास्तरांची जखम बांधली.

मास्तर खाली बघत म्हणाले, "औंदा माहा वाटा तुह्या घरी जाऊ दे, सुखदेव. आन सकाळची राखन माह्यावर."

"सोबत बंदूक?"

"डबा आनतो. वाजवाले."

रायफल नागपूरच्या दुकानदाराने परत घेतली. दुर्बीण मात्र मास्तरांनी दिली नाही. ती का ठेवली हे ते कुणाला सांगत नसत. शिक्षकांच्या खोलीत विचारलं की भुवईचं टाके घातलेलं टोक खाजवत आणि खडू शोधायला लागत.

पुढे एका रविवारी सकाळी मी फिरत फिरत त्या शेताकडे गेलो. धुऱ्यावर तीच गोधडी अंथरलेली होती आणि तिच्यावर मास्तर आणि वहिनी खेटून बसले होते. याआधी वहिनी शेतात आल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. वहिनींनी एक डोळा घट्ट मिटून दुसऱ्याला दुर्बीण लावली होती आणि मास्तर दोन्ही हातांनी तिचं टोक सावरून धरत होते. त्यांच्या मांडीवर तेलाचा रिकामा डबा आणि काठी होती. खाली शेतात सुखदेव कमरेवर हात ठेवून वर बघत होता.

"झालं काय पाहून?" मास्तर विचारत होते. "वाजवू काय?"

"थांबा ना जी," वहिनी दुर्बीण न काढता म्हणाल्या. "त्या पिल्लाचं पोट भरू द्या."

मास्तरांनी काठी खाली ठेवली, आणि सुखदेवला हातानेच खूण केली, जरा दम धर.