सिरिलची शिट्टी

भुताखेतांना मी भीत नाही. सगळा जन्म यॉर्कशायरमध्ये गेला. धुक्याला घाबरायचं तर सहा महिने घराबाहेरच पडायला नको. म्हणून जानेवारीतली पक्षीगणना आली तेव्हा शेजारच्या ऑलिव्हला मीच म्हटलं, "यंदा सिरिल नाही, तर मी येते. तासभर खिडकीत बसायचं, बागेत उतरेल ते पाखरू मोजायचं. त्यात काय एवढं?"

सिरिल म्हणजे तिचा नवरा. दरवर्षी तोच मोजायचा. पानगळीत गेला बिचारा.

माझ्या नवऱ्याला, नॉर्मनला, घरी पेपर वाचत सोडलं आणि जाऊन बसले. बागेच्या टोकाची सिरिलची खोपटी धुक्यात नुसती सावलीसारखी दिसत होती. दाणे टांगलेले, पण एक पाखरू नाही. सगळं चिडीचूप.

आणि शिट्टी वाजली. एक लांब, दोन आखूड. सिरिल खोपटीतून चहा मागायचा ना, तीच.

ऑलिव्हनं बशी खाली ठेवली. "ऐकलंस, ग्लेनिस? रोज बोलावतो. मी खोपटीच्या दाराशी कप ठेवून येते. संध्याकाळी रिकामा असतो."

"कोल्हा पीत असेल गं."

"काय असेल ते असो. उद्या दलाल येतोय. घर विकते आणि लेकीकडे जाते. मला नाही सोसवत आता."

चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. ती गेल्यावर या गल्लीत मी भांडू कुणाशी? कोळशाचं फावडं उचललं. "चल, बघूच कोण चहा मागतंय ते."

मी पुढे, माझा कोट धरून ती मागे. खोपटीचं दार अर्धवट उघडं. आत खिळ्यावर सिरिलची टोपी. तेवढ्यात शिट्टी, थेट डोक्यावर. मग खोकला. सिरिलचाच, पाइप ओढून ओढून खरवडलेला. फावडं हातातून सुटून माझ्याच पायावर पडलं.

भीत भीत वर पाहिलं. पन्हळीवर एक ठिपकेदार स्टार्लिंग. साळुंकीच्या गोतातलं पाखरू, ऐकेल त्याची नक्कल करणारं. त्यानं चोच उघडली आणि पुन्हा चहा मागितला.

ऑलिव्ह आधी रडली, मग हसली. "तू होय रे मेल्या? आता कशाला जातेय मी? त्या दलालाला कळवतेच, येऊ नको म्हणून."

"एक पक्षी," मी ऐटीत म्हटलं. "घे लिहून."

पाखरानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात म्हणालं, "नॉर्मन, दिवा मालव. ऑलिव्ह येतेय."

ऑलिव्हनं घर विकलं नाही. कप अजून ठेवते, आणि संध्याकाळी तो रिकामाच असतो. पाखरं चहा पीत नाहीत, हे मी तिला सांगणार होते. पण ती माझ्याशी बोलत नाही.

तिचा निरोप मात्र पोचतो. रोज सकाळी चहा मागून झाला, की पन्हळीवरून ऑलिव्हच्या आवाजात ऐकू येतं, "ढोंगी मेली."