भरल्या गाडीचा हट्ट

वाटेल त्या चिंचोळ्या गल्लीतून जाता यावं म्हणून जी गाडी बांधली होती, ती कारखान्याच्या स्वतःच्याच दारात अडकली. तीही गिऱ्हाईक यायला तासभरसुद्धा उरला नसताना.

गाडी साधीसुधी नव्हती. अवजड यंत्रं, पुलाच्या तुळया, असला माल वाहणारा तो बुटका, लांबलचक ट्रेलर होता. पुढे ओढायला इंजिन आणि खाली चाकांच्या रांगाच रांगा. खुबी अशी, की ही चाकं बाहेरही सरकत आणि आतही येत. रस्ता मोकळा असला की गाडी ऐसपैस पाय पसरून चालायची आणि वाट अरुंद झाली की अंग चोरून घ्यायची. तिला हे अंग चोरायला शिकवण्यात जावईबापूंनी आपली सगळी उमेदीची वर्षं घातली होती.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. कारखान्याचे मुख्य डिझायनर होते ते. पण कारखाना पडला सासऱ्यांचा, त्यामुळे ड्रायव्हरपासून वॉचमनपर्यंत झाडून सगळे त्यांना जावईबापूच म्हणत. त्यांनी पहिल्या वर्षी विरोध केला, दुसऱ्या वर्षी तोंड वाकडं केलं, आणि पुढे फोन उचलून स्वतःच "जावईबापू बोलतोय" म्हणू लागले.

सासऱ्यांनी सगळा कारखाना साध्या ट्रेलरवर उभा केला होता. "चाकानं फिरावं. सरकायचं कशाला?" असा त्यांचा रोकडा सवाल असे. जावयाचा सरकता संसार त्यांनी बरीच वर्षं सोसला, आणि शेवटी एकदा जेवता जेवता निकाल देऊन टाकला.

"ट्रान्सपोर्टवाल्या बाई गाडी बघायला येतायत. घेतली तर ठीक. नाही घेतली, तर हे सरकतं प्रकरण भंगारात. आणि तुम्ही दुसऱ्या दिवसापासून स्पेअर पार्टच्या काउंटरवर. नट-बोल्ट विका सुखानं."

"घेतील," जावईबापू म्हणाले आणि जेवत राहिले. भाकरी मात्र ते आमटीऐवजी पाण्यात बुडवत होते, हे फक्त बायकोच्या लक्षात आलं. ती त्याच कारखान्यात गिऱ्हाइकांचं सगळं बघायची. बाईंना महिनोन्‌महिने फोन करकरून तिनंच या भेटीला तयार केलं होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी सासऱ्यांना एक कल्पना सुचली. आजवरच्या सगळ्या चाचण्या बाहेर पटांगणात झाल्या होत्या. रिकामी गाडी बाहेर न्यायची, तिच्यावर वजनासाठी भलीमोठी टाकी ठेवायची आणि टाकीत नळानं पाणी भरायचं, हा रिवाज.

"यात काय शोभा आहे?" सासरे म्हणाले. "रिकामी गाडी दाखवायची म्हणजे पाहुण्यापुढे रिकामं ताट मांडण्यासारखं. आतच भरा. बाई दारात उभ्या राहतील आणि आतून ही भरलेली, डुलत डुलत बाहेर येईल. काय?"

जावईबापूंना भरून आलं. इतक्या वर्षांत सासऱ्यांनी या गाडीला नावं ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आज पहिल्यांदाच त्यांनी तिच्यासाठी काहीतरी सुचवलं होतं. या आनंदात ते ताबडतोब "हो" म्हणाले, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

शेडच्या पार मागच्या टोकाला टाकी चढली, काठोकाठ भरली, आणि ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. आता या गाडीची एक सवय अशी, की अंगावर ओझं आलेलं तिला आपोआप कळतं, आणि कळलं की ती कुणाला न विचारता पाय पसरते. जेवण जास्त झालेला माणूस पट्टा सैल करतो तसं. कारण सरळ आहे : उंच ओझं आणि जवळ घेतलेली चाकं म्हणजे कलंडायला आमंत्रण. ही सवय तिला जावईबापूंनीच लावली होती, पण ऐन वेळी त्यांनाच तिचा विसर पडला.

दारापर्यंतच्या वाटेत गाडीनं आपलं काम इमानेइतबारे केलं. एक रांग उचलली, बाहेर टेकवली. दुसरी उचलली, बाहेर टेकवली. ड्रायव्हर नाकासमोर बघत होता. सासरे गाडीच्या डुलण्याकडे बघत होते. आणि जावईबापू सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण तिथं चक्क कौतुकासारखं काहीतरी दिसत होतं. चाकांकडे कुणीच बघत नव्हतं.

इंजिन दाराबाहेर गेलं. मग धाडकन आवाज झाला आणि दोन्ही खांबांवरची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर पडली.

"जावईबापू, जोर लावू का?" ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं.

"नको!" जावईबापू ओरडले.

"लाव!" सासरे ओरडले.

पगार कोण देतं हे ड्रायव्हरला पक्कं ठाऊक होतं. त्यानं जोर लावला. चाकांची पहिली रांग दोन खांबांच्या मध्ये अशी काही घट्ट बसली, की आता गाडी पुढेही जाईना आणि मागेही येईना. शेडला दुसरं दार नव्हतं.

आवाज ऐकून बायको वरच्या ऑफिसातून धावत खाली आली.

"अहो, हे काय?"

"थोडी अडकलीये."

"थोडी?"

सासरे स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. "सगळ्या टायरची हवा सोडा," त्यांनी फर्मावलं.

"बाबा, हवा सोडली तर गाडी बुटकी होईल, बारीक नाही होणार," जावईबापू म्हणाले.

"मग खांबांना ग्रीस फासा."

त्यानं काय होणार, असं जावईबापू विचारेपर्यंत सासऱ्यांनी डबा उघडून स्वतःच्या हातानं दोन्ही खांब आणि मधली जमीन चोपडूनसुद्धा टाकली. पाहुण्यांसाठी घातलेल्या त्यांच्या पांढऱ्या शर्टाची त्यात पार वाट लागली.

"एवढं कशाला?" ड्रायव्हर म्हणाला. "बटण दाबून चाकं आत घ्या की."

जावईबापूंनी बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि गाडी ढिम्म हलली नाही.

"भरलेली असताना आत येत नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "तसं कुलूप घातलंय."

"कुणी?"

"मी."

"ऐका!" सासऱ्यांनी ग्रीसचा हात कपाळावर मारला. "घसा सुकेपर्यंत सांगितलं, कुलूप नको, कुलूप नको! गिऱ्हाईक पैसे मोजतं ते बटणाला. दाबलं की झालं पाहिजे. पण ऐकेल तो जावई कसला!"

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. बाई वेळेआधीच पोचल्या होत्या. कोपऱ्यावर उभ्या राहून फाटक कुठलं ते विचारत होत्या.

सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मालक आत आणि पाहुणे बाहेर, असं स्वागत त्यांच्या खानदानात कुणी केलं नव्हतं. बाहेर जायला वाट एकच, ती म्हणजे ट्रेलरच्या खालून. बायको पदर खोचून सुळकन पलीकडे गेली. सासरे पोटासकट निघाले, आणि पोटापाशी थांबले. मग जावईबापूंनी आतून ढकललं, लेकीनं बाहेरून ओढलं, आणि खरं सांगायचं तर ते ग्रीसही इथं पहिल्यांदा उपयोगी पडलं.

बाई समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा सासऱ्यांचं फक्त डोकं आणि हात बाहेर आले होते. "या, या! वाटच बघत होतो," त्यांनी जमिनीवरूनच हात जोडले.

बाई अंगानं किरकोळ होत्या, आवाज मात्र मोठा ट्रक मागे घेताना लागतो तेवढा. त्यांनी आधी सासऱ्यांकडे, मग खांबांकडे, मग गाडीकडे बघितलं.

"कुठल्याही दारातून जाते, असं फोनवर म्हणाला होतात."

"जाते ना, मॅडम," बायको म्हणाली.

"मग हे दार नाही का?"

बायकोनं आतल्या अंधाराकडे बोट दाखवलं. "डिझायनर आत आहेत."

बाई खांबाला लागून उभ्या राहिल्या आणि टाकीच्या कडेनं आत डोकावल्या. "अहो डिझायनर, चाकं आत घ्या आणि काढून दाखवा बघू. दारात अडकलेली गाडी निघते कशी, हेच तर बघायचंय मला."

"भरलेली असताना आत येत नाहीत, मॅडम. कुलूप आहे."

"मी गाड्यांतच वाढलेय. बिनचावीचं कुलूप अजून कुणी केलेलं नाही. काहीतरी सोय ठेवली असेलच."

जावईबापूंना खोटं बोलता आलं असतं. सुचलंच नाही. "आहे. एक व्हॉल्व्ह आहे. तो फिरवला की कुलूप सुटतं."

"मग फिरवा. निघाली तर आत्ता सौदा करते."

"फिरवा हो, जावईबापू!" सासरे एव्हाना उठून उभे राहिले होते. "दोन मिनिटांचं काम!"

जावईबापूंचा हात व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर होता. त्यांना काउंटर दिसला, काउंटरमागचं स्टूल दिसलं, भंगारात निघालेल्या चाकांच्या रांगा दिसल्या. मग त्यांनी मान वर करून टाकीकडे बघितलं. काठोकाठ पाणी, आणि टाकीची उंची माणसाच्या दुप्पट. चाकं आत घेऊन गाडी जरा हलली, की पाणी एका अंगाला जाणार आणि त्या अंगाला जो उभा असेल तो संपला. त्या अंगाला बाई होत्या. बायको होती. सासरेही होते.

"नाही फिरवणार," ते म्हणाले.

"काय?"

"भरलेली गाडी पाय जवळ घेऊन हलली तर कलंडते. तिला तसं हलवणार नाही. तुम्ही सांगा, मालक सांगू देत, कुणीही सांगू दे."

"आणि मी तशीच परत गेले तर?"

"तर मला फार वाईट वाटेल," जावईबापू म्हणाले. "पण फिरवणार नाही."

"अहो, माझ्या लेकीच्या संसाराचा तरी विचार करा!" सासऱ्यांनी टाहो फोडला.

"लेक इथंच उभी आहे, बाबा," बायको म्हणाली. "कलंडली तर आधी माझ्याच अंगावर येईल. अहो, तुम्हाला दुसरं काही करता येत असेल तर करा."

दुसरं एकच करता येण्यासारखं होतं. जावईबापू तरातरा गाडीच्या मागे गेले आणि त्यांनी टाकीचा खालचा भला दांडगा नळ पूर्ण उघडला.

शेडमध्ये नदी आली. पाण्यानं आधी कोपऱ्यातले वेल्डिंगच्या कांड्यांचे खोके गाठले, मग जिन्याच्या पायऱ्या, आणि मग उतार दाराकडे असल्यामुळे ते ट्रेलरच्या खालून थेट बाहेर निघालं. "माझ्या कांड्या! नव्याकोऱ्या कांड्या!" असा सासऱ्यांचा आक्रोश चालू होता. ड्रायव्हरनं इंजिनात पाय वर घेतले. बाईंनी चपला काढून हातात धरल्या, पण जागा सोडली नाही.

पाणी बराच वेळ वाहत राहिलं. जावईबापू गुडघ्यापर्यंत भिजून त्या लाल दिव्याकडे डोळे लावून बसले होते. अखेर तो हिरवा झाला.

त्यांनी बटण दाबलं. शेवटच्या रांगेनं पाऊल उचललं आणि आत टेकवलं. मग तिच्या पुढच्या रांगेनं. खांबांत रुतलेली पहिली रांग जराशी कण्हली, ग्रीसमधून सटकली आणि निमूटपणे अंगाखाली आली. ड्रायव्हरनं गिअर टाकला, आणि दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून गाडी पटांगणात जाऊन उभी राहिली.

बाई अनवाणीच तिच्याभोवती फिरल्या. सगळी चाकं बघितली. सासरे ग्रीसचे हात शर्टाला पुसत मागे मागे चालले होते. "मॅडम, कुलपाचं काय, आम्ही काढून देऊ. आजच काढतो. तुम्ही फक्त…"

"माझ्याकडच्या सगळ्या गाड्यांना कुलपं आहेत," बाई थांबून म्हणाल्या. "माझी पाठ वळली की ड्रायव्हर ती पाच मिनिटांत सोडवतात. का, तर घरी लवकर पोचायचं असतं. मागे एक गाडी वळणावर आडवी झाली. पोरगा वाचला, पण अजून काठी घेऊन चालतो. तेव्हापासून मी अशी गाडी शोधतेय, जी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. ही तर बांधणाऱ्याच्या सासऱ्याचंही ऐकत नाही."

त्यांनी चपला खाली टाकून पायात सरकवल्या. "दोन द्या. आणि तो व्हॉल्व्ह तेवढा काढून टाका. प्रत्येक गाडीत तुमचा जावई बसवता यायचा नाही मला."

बाई गेल्या. त्यांना फाटकापर्यंत पोचवून बायको परत आली तेव्हा सासरे दारात उभे होते. एका हातात भिजलेल्या कांड्यांचं खोकं, शर्टावर ग्रीसचे पंजे, आणि चेहरा मात्र लग्नात पंगत वाढणाऱ्या यजमानासारखा.

"त्या कुलपाचं श्रेय माझं आहे, असं मी बाईंना जाता जाता सांगितलं," ते जावयाला म्हणाले.

"तुमचं?" जावईबापूंना पायातले ओले मोजे पिळता पिळता ठसका लागला. "बाबा, अहो, तुम्ही तर पहिल्या दिवसापासून नको म्हणत होतात!"

"म्हणतच होतो. रोज म्हणत होतो," सासरे शांतपणे म्हणाले. "एकदा जरी 'चांगलं आहे, राहू दे' म्हणालो असतो, तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं असतं. काय गं, खोटं बोलतोय का मी?"

जावईबापूंनी मोठ्या आशेनं बायकोकडे बघितलं. तिनं त्यांच्या पायांपाशी साचलेल्या डबक्याकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "मोजे आत नका पिळू. आधीच पाणी झालंय."