सतरावी गाठ

आमचे बोरसे सर सहलीला निघताना पाण्याची बाटली विसरत, चष्माही विसरत, पण साड्या कधी विसरत नसत.

साड्या तीन होत्या, रंग फिसकटला म्हणून मिलने टाकून दिलेल्या. त्यांना पीळ देऊन, एकमेकींना बांधून सरांनी लांबलचक दोर केला होता आणि त्याला बत्तीस गाठी मारल्या होत्या. वर्गात आम्ही बत्तीसच. हजेरीत माझा नंबर सतरा, म्हणून माझी गाठ सतरावी. सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या मराठी शाळेची सहल कुठेही जावो, बसमधून उतरलं की प्रत्येकाने आपली गाठ धरायची. "डोळ्यांनी पाहायचं. हातांना काम दिलंय," सर म्हणत. त्यामुळे कुठल्याही संग्रहालयाच्या काचेवर आमची बोटं उमटली नाहीत.

आठवडाभर आधी मैदानात तालीम होई. "पाण्याच्या टाकीला तोफ समजा," असं सांगून सर आम्हाला टाकीभोवती फिरवत. निघताना ते उलटे वळून नंबर म्हणायला लावत. एकाचा चुकला की पुन्हा एकपासून.

सातवीत सुरतचा किल्ला ठरला. तालमीत सगळ्यात जास्त उत्साह माझा होता. पण ऐन सहलीच्या दिवशी आईला टिकल्या लावलेल्या साड्या पोचवायच्या होत्या आणि धाकटी दीड वर्षाची. मी घरी राहिले. आमच्या घरात शाळा शिकणारी मीच पहिली. अशा गोष्टीसाठी हट्ट करता येतो, हे मला ठाऊक नव्हतं. मैत्रिणीने नंतर सांगितलं, सोळा नंबर झाल्यावर सर बराच वेळ थांबले होते.

रविवारी सर आमच्या दारात उभे राहिले. खांद्यावर तो दोर. पोरीला किल्ल्यात नेतो, म्हणाले. आईच्या मांडीवर साडी, बोटांना गोंद.

"धाकलीले कोन संभाळी?"

"तिले बी लई जासू," सर आईच्याच अहिराणीत म्हणाले.

किल्ल्यात सर पुढे, कडेवर धाकटी. मध्ये सोळा मोकळ्या गाठी, मग मी. माझ्यामागे उरलेला दोर फरशी झाडत येत होता. सर नेहमीइतक्याच मोठ्याने सांगत होते, "मागच्यांना दिसतंय ना?" किल्ल्यातल्या संग्रहालयात जुन्या कापडांपाशी ते सगळ्यात जास्त थांबले. "तुझे वडील विणतात, त्या कापडाचे हे पणजोबा." पुढे बी.ए.ला मी इतिहास घेतला, तो बहुधा तिथेच घेतला.

पहारेकऱ्याने दोराकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, आ शुं छे?"

"क्लास छे," सर म्हणाले.

निघताना ते नेहमीसारखे उलटे वळले. एकपासून सोळापर्यंतचे नंबर त्यांनी स्वतःच म्हटले, प्रत्येक मुलाच्या आवाजात. मग थांबले.

"सतरा," मी म्हटलं.

तोवर धाकटी त्यांच्या खांद्यावर झोपली होती. म्हणून अठरा ते बत्तीस त्यांनी अगदी हळू म्हटले.