अर्धा आजोळी गेला तेव्हा

माळेवाडीत कशाचेही दोन सारखे भाग करायचं काम अर्ध्याचं; तो रजा टाकून आजोळी गेला, आणि नेमकी त्याच आठवड्यात हौसाक्काच्या लेकांची वाटणी ठरलेली होती.

घर अर्धं-अर्धं करायचं आणि आईला सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं ठेवायचं, असं थोरल्या चंदरचं आणि धाकट्या केरूचं पक्कं झालं होतं. हौसाक्काला कुणी विचारलं नव्हतं. तिला आपली चूल सोडायची नव्हती, एवढंच.

ग्रामसेवक टेप घेऊन आले. घर छत्तीस फूट लांब. टेप मधोमध धरला की घसरायचा. मग दोरी दुमडून बघितली, तर एक पदर लांबच राहायचा.

"अर्धा रजेवर आहे," ग्रामसेवक म्हणाले. "बदली माणूस मिळालेला नाही."

"मग पाव करा. दोन-दोन पाव घेऊ," केरू म्हणाला.

"पाव म्हणजे अर्ध्याचा अर्धा. तो त्याच्याच हाताखाली असतो. आणि आईचे सहा महिने, तेही अर्धं वर्षच."

हौसाक्का भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "तिसरा हिस्सा हाय का गावात?"

"आहे की. बसूनच असतो."

तिनं हात पुसले आणि दोरी तीन पदरी दुमडली. पदराला पदर बरोबर लागला. बारा, बारा आणि बारा.

"बारा म्हंजे चोवीसचा अर्धाच की," चंदर कुरकुरला.

"चोवीस फुटी घर कुणाचं आहे इथं?" ग्रामसेवकांनी विचारलं. कुणाचंच नव्हतं.

दोन बाजू लेकांना गेल्या. मधली, चुलीची खोली हौसाक्काची झाली.

रजा संपली तसा अर्धा परत आला, तो दमूनभागून तिच्याच उंबऱ्यावर टेकला. मागोमाग दोघं भाऊ हजर.

"आता मधली खोली आमच्यात अर्धी-अर्धी कर," केरू म्हणाला.

"मालकीण सांगंल तेच करतो मी," अर्धा म्हणाला.

हौसाक्कानं तव्यावरची भाकरी काढली आणि मोडली. कितीतरी दिवसांनी ती सरळ मधोमध मोडली. एक तुकडा तिनं अर्ध्यापुढं सरकवला.

"रोज येत जा बाबा," ती म्हणाली. "आख्खी भाकरी मला एकटीला जात न्हाई."